मस्कतची गादी आणि पाच टक्के जकात

तुम्ही ओमानच्या राजधानीत, मस्कतमधल्या रुवीत राहता, सुट्टीच्या दिवशी जवळच्या मत्राह बंदराच्या धक्क्यावर फिरायला जाता, आणि तिथं उभं असताना तुम्हाला प्रश्न पडला: मस्कत कधीच इंग्रजांची वसाहत नव्हती, तिथं त्यांचा गव्हर्नर कधी बसला नाही, मग सुलतान कोण व्हावं हे इंग्रज कशाच्या जोरावर ठरवत होते? जकातीचं उत्पन्न त्यांच्या मुठीत कसं गेलं? आणि हे सारं आपल्याकडून गेलेल्या कच्छी भाटिया व्यापाऱ्यांच्या हातून घडवलं गेलं का?

मी नोकरीची तीस वर्षं मुंबईच्या कस्टम्समध्ये काढली. निवृत्तीनंतर काळा घोड्याजवळच्या पुराभिलेखागारात मुंबई सरकारचे जुने कागद वाचत बसायची सवय लागली, आणि त्यात मस्कतनं मला धरून ठेवलं. त्यामुळे माझं उत्तर जकातीकडून गादीकडे जाईल. इतिहासाची पुस्तकं बहुधा उलट दिशेनं जातात, आणि माझ्या मते तिथंच मुद्दा निसटतो.

उत्तराची सुरुवात करायची तर ती एका टक्केवारीपासून. १८३३ साली मस्कतचा शासक सय्यद सईद बिन सुलताननं अमेरिकेशी व्यापाराचा तह केला. त्यात आयात मालावर पाच टक्क्यांहून जास्त जकात घ्यायची नाही असं कबूल केलं. १८३९ मध्ये इंग्रजांशी तह झाला, तिथंही तेच पाच टक्के. १८४४ मध्ये फ्रेंच आले. सईदला तेव्हा यात काही गैर वाटलं नसणार. त्याचं राज्य मस्कतपासून आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळच्या झांझिबारपर्यंत पसरलेलं होतं, स्वतःची जहाजं होती, लवंगेच्या बागा होत्या, हस्तिदंताचा व्यापार होता. मालाची वर्दळ वाढत होती, तोवर दर कमी असला तरी तिजोरीत भर पडत होती.

पण कस्टम्समध्ये काम केलेल्या माणसाला विचारा. दर तहानं बांधला गेला की राज्याच्या हातात दोनच गोष्टी उरतात. मालाची किंमत किती धरायची आणि चोरवाटेनं किती माल निसटू द्यायचा. मालाच्या किमतीवरून किती वाद होतात हे मी टेबलाच्या या बाजूनं अनेक वर्षं पाहिलंय. बीजकावरची किंमत खरी की बाजारातली खरी, यावर दिवस जातात. मागे मोठं सरकार असेल तर तुम्ही रेटू शकता. समोरचा व्यापारी एका साम्राज्याचा प्रजाजन असेल आणि त्या साम्राज्याचा पोलिटिकल एजंट, म्हणजे राजकीय प्रतिनिधी, तुमच्या वाड्यापासून चार पावलांवर राहत असेल, तर तुम्ही रेटत नाही. म्हणजे दरही गेला आणि किमतीवरचा अधिकारही अर्धा गेला. उत्पन्न वाढवायचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे जास्त जहाजं येणं. आणि जहाजं कुठं थांबतील हे मस्कत ठरवत नव्हतं.

आता गादीकडे येऊ. सईद १८५६ च्या ऑक्टोबरात समुद्रावरच वारला. त्याच्या मुलांपैकी थोरला थुवैनी मस्कतला कारभार पाहत होता, धाकटा माजिद झांझिबारला. ओमानमधल्या इबादी या इस्लामी पंथाच्या परंपरेत थोरला मुलगा आपोआप वारस ठरत नाही. ज्याला जमाती मानतात, जो राज्य राखू शकतो, तो बसतो. वाद होणं अटळ होतं. श्रीमंती झांझिबारकडे होती आणि मस्कतकडे घराण्याची मूळ भूमी. माजिदनं दरवर्षी ४०,००० क्राउन (म्हणजे मारिया थेरेसा रियाल, चांदीचं नाणं) द्यायचं मान्य केलं, मग ते कशापोटी यावरून बिनसलं. थुवैनीचं म्हणणं, ही मांडलिकाची खंडणी. माजिदचं म्हणणं, ही भावाला केलेली मदत.

१८५९ च्या सुरुवातीला थुवैनी आरमार घेऊन झांझिबारकडे निघाला आणि मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांनी त्याला वाटेत अडवायला लावलं. दोघा भावांनी हिंदुस्थान सरकारचा निवाडा मान्य करायचं कबूल केलं. एडनचे रेसिडेंट, म्हणजे तिथले इंग्रज प्रतिनिधी, कॉगलन यांनी चौकशी केली, अहवाल दिला, आणि २ एप्रिल १८६१ रोजी व्हाइसरॉय कॅनिंग यांनी निवाडा दिला. झांझिबार आणि आफ्रिकेचा किनारा माजिदला. माजिदनं मस्कतच्या शासकाला दरसाल ४०,००० क्राउन द्यायचे, शिवाय दोन वर्षांची थकबाकी ८०,०००. आणि ही रक्कम दिली म्हणून झांझिबार मस्कतचा मांडलिक ठरत नाही, असंही स्पष्ट लिहून ठेवलं.

हा निवाडा मी अनेकदा वाचला आहे. भाषा अतिशय सभ्य आहे. दोन्ही भावांनी तो आभार मानून स्वीकारला. पण बारकाईनं पाहा. राज्याचे दोन तुकडे झाले, श्रीमंत तुकडा वेगळा निघाला आणि गरीब तुकड्याला त्याच्या बदल्यात एक वार्षिक रक्कम मिळाली. ती रक्कम मस्कतच्या खजिन्यासाठी फार मोठी होती, आणि ती कोणाला द्यायची हे ठरवताना 'मस्कतचा शासक कोण' हा प्रश्न आपोआप सोडवावा लागणार होता. निवाडा देणाऱ्यालाच पुढे हा प्रश्न येणार होता. तिथून वारसाहक्काला एक वार्षिक हप्ता जोडला गेला.

त्याची परीक्षा पाच वर्षांत झाली. फेब्रुवारी १८६६ मध्ये सोहारच्या किल्ल्यात थुवैनीचा खून झाला. खून करणारा त्याचा मुलगा सालिम. माजिदनं पितृघातक्याला पैसे द्यायचं नाकारलं. इंग्रजांनाही सुरुवातीला त्याला मान्यता द्यायचा संकोच वाटला, पण अखेर दिली. मग रक्कमही मिळू लागली. नैतिकतेचा आग्रह काही महिनेच टिकला. मला यात आश्चर्य वाटत नाही, पण प्रत्येक वेळी वाचताना वाईट वाटतं.

सालिमचा काका तुर्की गादीवर हक्क सांगत होता. आखाताचे रेसिडेंट पेली यांनी मध्ये पडून त्याची नेमणूक म्हणजे तनखा ठरवून दिला आणि तो राहायला कुठं आला? मुंबईला. इथं आपला थेट संबंध येतो. आखाताची रेसिडेन्सी १८७३ पर्यंत मुंबई सरकारच्या हाताखाली होती, आणि मस्कत-झांझिबारच्या अल् बू सईद राजघराण्यातल्या नको असलेल्या माणसांना ठेवायची जागा मुंबई हीच होती. माजिदविरुद्ध बंड करणारा बरघाश १८५९ नंतर इथंच हद्दपार होता. पुढे तोच झांझिबारचा सुलतान झाला. तुर्की इथं राहिला, तोही पुढे मस्कतचा सुलतान झाला. हद्दपार माणूस मुंबईत नेमणुकीवर बसलेला आहे, ही गोष्ट गादीवरच्या माणसाला रोज माहीत असायची. त्यासाठी कोणी धमकी द्यायची गरज नव्हती.

सातारचं उदाहरण तुम्हाला आठवेल. ह्याच मुंबई सरकारनं १८३९ मध्ये प्रतापसिंह महाराजांना पदच्युत करून काशीला पाठवलं, त्यांच्या भावाला गादीवर बसवलं, आणि १८४८ मध्ये तो निपुत्रिक वारल्यावर दत्तक नामंजूर करून राज्य खालसा केलं. कुलाब्याचं आंग्र्यांचं संस्थानही वारस नाही म्हणून गिळलं. मग मस्कत का नाही खालसा केलं? कारण मस्कतशी अमेरिकेचा तह होता, फ्रान्सचा होता, आणि १८६२ मध्ये इंग्रज-फ्रेंच दोघांनी मिळून मस्कत व झांझिबार या दोन्ही राज्यांचं स्वातंत्र्य मान्य असल्याचं जाहीर केलं होतं. खालसा करता येत नव्हतं. शिवाय त्यातून मिळण्यासारखंही फार नव्हतं, सैन्याचा आणि डोंगराळ मुलखाचा खर्च मात्र पदरात पडला असता. सातारला 'वारस मान्य नाही' म्हणून राज्य घेतलं. मस्कतला 'वारस मान्य आहे' एवढं म्हणण्याची किंमत वसूल केली. मला दुसरी पद्धत जास्त चिवट वाटते, ती शंभर वर्षं चालली.

१८६८ मध्ये काय झालं ते या सगळ्याचा कस लावणारं आहे. अझ्झान बिन कैस हा त्याच घराण्याच्या दुसऱ्या शाखेचा. उलेमा आणि जमातींच्या पाठिंब्यानं त्यानं ऑक्टोबर १८६८ मध्ये मस्कत घेतलं आणि तो इमाम, म्हणजे निवडलेला धार्मिक व राजकीय प्रमुख, म्हणून निवडला गेला. ओमानच्या स्वतःच्या रीतीनं पाहिलं तर या काळातल्या इतर कोणापेक्षा त्याचा अधिकार पक्का होता. त्यानं बुरैमीपर्यंत मजल मारली. पण इंग्रजांनी त्याला मान्यता दिली नाही, आणि मान्यता नाही म्हणून झांझिबारची रक्कमही नाही. सालिमसारख्या पितृघातक्याला मिळालेली रक्कम जमातींनी निवडलेल्या इमामाला मिळाली नाही. १८७० मध्ये तुर्की मुंबईहून निघाला, माणसं जमवली, आणि जानेवारी १८७१ मध्ये मत्राहच्या लढाईत अझ्झान मारला गेला. तुम्ही फिरता त्याच मत्राहला.

अझ्झान केवळ पैसे न मिळाल्यामुळे पडला असं मी म्हणणार नाही. घाफिरी या गटातल्या जमाती त्याच्यावर नाराज होत्या, त्याचे साथीदार कडवे होते, किनाऱ्यावरचे व्यापारी धास्तावले होते. पण जमातींना सांभाळायला पैसा लागतो. ओमानच्या राजकारणात शेख भेटीला आला की त्याला रिकाम्या हातानं पाठवता येत नाही. जकात पाच टक्क्यांत बांधलेली, वार्षिक रक्कम बंद, झांझिबार गेलेलं. अझ्झानकडे पैसा उभा करायला कर्ज आणि जप्ती एवढंच उरलं, आणि दोन्हींनी शत्रू वाढले. कस्टम्सवाला म्हणून मी हे असं वाचतो.

तुर्की आला आणि त्याला मान्यता मिळाली. १८७३ मध्ये मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर गुलामांचा व्यापार बंद करण्याच्या कामगिरीवर मस्कतला आणि झांझिबारला आले. तुर्कीनं एप्रिलात तहावर सही केली. त्यानंतर ती वार्षिक रक्कम झांझिबारऐवजी इंग्रज सरकार आणि हिंदुस्थान सरकारनं द्यायचं ठरलं. एक अट घालून: सुलतान तहातलं वचन पाळेल आणि इंग्रज सरकारशी मैत्रीनं वागेल तोवर. गुलामगिरीविरुद्धचं काम चांगलंच होतं, त्याबद्दल माझ्या मनात काही किंतु नाही. पण त्या चांगल्या कामाच्या आडून भावाभावांतल्या वाटणीची रक्कम इंग्रजांच्या तिजोरीतून येणारं अनुदान होऊन बसली. पूर्वी निदान ते झांझिबारकडून येणारं देणं होतं. आता ते पगारासारखं झालं.

रकमेचा हिशेबही पाहा. ४०,००० क्राउनांचे ८६,४०० रुपये झाले. म्हणजे एका मारिया थेरेसा रियालचा दर २.१६ रुपये धरला. पुढे १८९३ मध्ये हिंदुस्थान सरकारनं टांकसाळी खासगी चांदीला बंद केल्या आणि रुपयाची किंमत चांदीपासून तोडली. मारिया थेरेसा रियाल मात्र निव्वळ चांदीचा, तो चांदीबरोबर खाली येत गेला. सुलतानाची जकात रियालात जमा होई आणि अनुदान रुपयात येई. त्यामुळे जकातीच्या तुलनेत अनुदानाचं वजन आपोआप वाढत गेलं, कोणी एक पैसा न वाढवता. अवलंबन असं वाढतं, कोणाच्या लक्षात न येता.

१८८८ मध्ये तुर्की वारला आणि त्याचा मुलगा फैसल बसला. त्याला मान्यता मिळाली १८९० च्या एप्रिलात. जवळजवळ दोन वर्षं त्याला वाट पाहायला लावली. आणि त्यानंतर अकरा महिन्यांत, मार्च १८९१ मध्ये, त्यानं दोन कागदांवर सह्या केल्या. एक जाहीर तह, ज्यात पाच टक्क्यांची मर्यादा पुन्हा पक्की झाली. दुसरा गुप्त करार, की तो आणि त्याचे वारस राज्याचा कुठलाही भाग इंग्रज सरकारखेरीज कोणालाही विकणार नाहीत, गहाण टाकणार नाहीत, देणार नाहीत. 'त्याचे वारस' हे शब्द त्यात आहेत. पुढे जो कोणी गादीवर बसेल त्याला हा कागद वारशात मिळणार होता. वारस ठरवण्याचा आणि उत्पन्न बांधण्याचा अधिकार एकाच वर्षात एकाच टेबलावर मांडलेला दुसरीकडे क्वचितच दिसेल.

याची किंमत फैसलला लवकरच कळली. १८९५ मध्ये बंडखोर जमातींनी मस्कत लुटलं, तेव्हा इंग्रजांनी त्याला मदत केली नाही, उलट हिंदी व्यापाऱ्यांच्या नुकसानीची भरपाई त्याच्याकडे मागितली. तो फ्रेंचांकडे झुकला आणि १८९८ मध्ये मस्कतजवळच्या बंदर जिस्साला त्यांना कोळशाचं ठाणं द्यायला तयार झाला. फेब्रुवारी १८९९ मध्ये ॲडमिरल डग्लस 'एक्लिप्स' जहाज घेऊन बंदरात आले. सुलतानानं जहाजावर येऊन करार रद्द करावा, नाहीतर तोफा सुरू होतील, असा निरोप गेला. तो गेला आणि करार रद्द झाला. चार वर्षांनी लॉर्ड कर्झन मस्कतला आले तेव्हा त्याच फैसलला इंग्रजी किताब देण्यात आला.

झांझिबारला याहून उघडपणे घडलं होतं. ऑगस्ट १८९६ मध्ये सुलतान वारताच खालिद बिन बरघाशनं इंग्रज कॉन्सुलची संमती न घेता राजवाडा ताब्यात घेतला. दोन दिवसांनी इंग्रजी जहाजांनी तासाभराच्याही आत राजवाडा उद्ध्वस्त केला आणि आपल्या पसंतीच्या हमूदला बसवलं. मस्कतला तोफा डागाव्या लागल्या नाहीत, त्या दाखवूनच काम झालं.

आता तुमचा तिसरा प्रश्न, भाटिया व्यापाऱ्यांचा. यावर मला सविस्तर बोलायचंय, कारण इथं गैरसमज फार आहेत आणि आपल्याच माणसांबद्दल आहेत.

मस्कतला जकात सरकारी नोकर गोळा करत नव्हते, ती मक्त्यानं दिली जायची. मक्तेदार वर्षाची ठरावीक रक्कम सुलतानाला द्यायचा आणि बंदरावर जमेल ते स्वतः ठेवायचा. आपल्याकडे पेशवाईत इजारा असायचा, तसाच हा प्रकार. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रतनशी पुरुषोत्तम यांच्या पेढीकडे हा मक्ता होता. झांझिबारला जयराम शिवजींच्या पेढीकडे होता, काही काळ थारिया तोपन यांच्याकडे. कच्छहून आलेले असे व्यापारी इंग्रजांच्या आधीपासून तिथं होते. तांदूळ, कापड, साखर आणायची, खजूर न्यायचा. जुन्या मस्कतमध्ये राजवाड्याजवळचं शंकराचं देऊळ तुम्ही पाहिलं असेलच, ही वस्ती किती रुजलेली होती याची ती खूण आहे.

मक्त्याची खरी गोम अशी: मक्तेदार सुलतानाला आगाऊ पैसे द्यायचा. सुलतानाला जमातींसाठी, सैन्यासाठी पैसे आजच हवे असायचे. पुढच्या वर्षाची जकात आज उचलायची, तिच्यावर व्याज चढायचं, मग त्या पुढच्या वर्षाची. वर मक्तेदार स्वतःच सर्वात मोठा आयातदार. स्वतःच्या मालाचं मूल्य स्वतःच ठरवायचं. असा आयातदार आणि असा मूल्यांकन अधिकारी एकच माणूस असेल तर काय होतं, हे मी वेगळं सांगायला नको. तरी मी या पद्धतीला निव्वळ लूट म्हणणार नाही. राज्याकडे कारकून नव्हते, वखारी नव्हत्या, वजनमापाची यंत्रणा नव्हती. मक्तेदाराकडे हे सगळं होतं, आणि वाईट वर्षातही सुलतानाला ठरलेली रक्कम मिळायची. जोखीम व्यापारी उचलत होता.

मग इंग्रजांचा हात कुठं शिरला? कर्जात. हे व्यापारी इंग्रजांचे प्रजाजन किंवा त्यांच्या संरक्षणाखालचे गणले जायचे. त्यांचं देणं थकलं, त्यांची दुकानं लुटली गेली, की तक्रार पोलिटिकल एजंटकडे आणि तिथून सुलतानाकडे सरकारी मागणी म्हणून. म्हणजे खासगी पेढीच्या वहीतलं कर्ज एका रात्रीत साम्राज्याचा प्रश्न व्हायचं. व्यापाऱ्यांना इंग्रजांनी तिथं आणलं नव्हतं आणि ते इंग्रजांचे हस्तकही नव्हते. अनेकदा त्यांची पोलिटिकल एजंटशी वाजायची, कारण त्यांना सुलतानाशी जमवून घ्यायचं असायचं. पण त्यांच्या वह्यांचा उपयोग करून घेतला गेला. शतकाच्या अखेरीला फैसलनं मक्ता बंद करून जकात स्वतः गोळा करायला सुरुवात केली तेव्हा हे ओझं हलकं होईल अशी त्याची आशा असणार. झालं नाही, कारण कर्ज तसंच राहिलं.

त्यात शस्त्रांचा व्यापार आला. १८९० पासून मस्कत हे बंदुकांचं मोठं बाजारपेठ-बंदर झालं. तिथून माल मकरानमार्गे अफगाणिस्तानात आणि वायव्य सरहद्दीवर जाई. सुलतानाला जकात मिळत होती. हिंदुस्थान सरकारला तो व्यापार बंद करायचा होता, कारण त्याच बंदुका त्यांच्या सैन्यावर चालत होत्या. १९१२ मध्ये सगळी शस्त्रं एका सरकारी वखारीत ठेवायचा नियम झाला आणि व्यापार बसला. बुडालेल्या जकातीच्या बदल्यात सुलतानाला वर्षाला एक लाख रुपये. म्हणजे आता ८६,४०० अधिक १,००,०००. स्वतःच्या बंदरावर स्वतः मिळवायची जकात गेली आणि तिच्या जागी दुसरं अनुदान आलं. मूळचा प्रश्न होता जकात कोण गोळा करतं. आता शस्त्रांवरची जकात गोळाच करायची नव्हती.

आतल्या मुलखातल्या लोकांना हे दिसत होतं. १९१३ च्या मे महिन्यात सालिम बिन राशिद अल् खारूसी इमाम म्हणून निवडले गेले आणि आतल्या जमातींनी सुलतानाला झुगारलं. त्याच ऑक्टोबरात फैसल वारला, मुलगा तैमूर बसला. जानेवारी १९१५ मध्ये इमामाचं सैन्य मस्कतवर चालून आलं. त्याला रोखलं ते हिंदी पलटणींनी. त्यांतली १०२ वी ग्रेनेडियर्स ही जुन्या मुंबई लष्करातली पलटण. ही लढाई बैत अल् फलजजवळ झाली. तो किल्ला रुवीतच आहे, आता तिथं लष्करी संग्रहालय आहे. तुमच्या घरापासून चालत जाता येईल. आपल्या मुलखातली लष्करी परंपरा तिथं एका सुलतानाची गादी सांभाळत उभी होती, हे बघून या.

१९२० मध्ये पोलिटिकल एजंट विंगेट यांनी आतल्या मुलखातून किनाऱ्यावर येणाऱ्या मालावर जबर दंडात्मक जकात बसवायला लावली. खजूर विकला गेला नाही तर आतल्या जमातींकडे रोख पैसा येत नाही. तोफांनी जे साधलं नाही ते जकातीनं साधलं. जुलैमध्ये इमामाचा खून झाला, आणि २५ सप्टेंबरला सीबचा करार झाला. नव्या इमामाला आतला मुलूख चालवू द्यायचा, आणि तिथून येणाऱ्या मालावर किनाऱ्यावर पाच टक्क्यांहून जास्त घ्यायचं नाही. पुन्हा पाच टक्के! समुद्राकडून येणाऱ्या मालाची मर्यादा परदेशी तहांनी बांधलेली, डोंगराकडून येणाऱ्या मालाची आता या करारानं. सुलतान दोन्ही बाजूंनी त्याच आकड्यात अडकला.

त्याच सुमाराला हिंदुस्थान सरकारनं तैमूरला कर्ज देऊन व्यापाऱ्यांची देणी फेडवली, जकातीची यंत्रणा नव्यानं बसवली, मंत्रिमंडळ नेमलं. १९२५ पासून बर्ट्रम थॉमस अर्थमंत्री झाले. हेच गृहस्थ १९३०-३१ मध्ये रुब् अल् खाली वाळवंट ओलांडून जगप्रसिद्ध झाले. त्या प्रवासाचं मला कौतुक आहे, पण ज्याच्याकडे एका कर्जबाजारी राज्याचं जकातखातं आहे त्यानं वाळवंटात महिने काढावेत हे मला कधीच पटलं नाही. सूर बंदराच्या पलीकडच्या खाडीवर बनी बू अली जमात जकात नाका बसू देत नव्हती. असे प्रश्न जागेवर बसून सोडवावे लागतात.

तुमच्या प्रश्नाचं नेमकं उत्तर द्यायचं तर जकातीवर इंग्रजांचा थेट हात आला तो हाच, १९२० नंतरचा. त्याआधी सुमारे ऐंशी वर्षं त्यांनी जकातखान्यात पाऊल न टाकता त्याचं उत्पन्न बांधून ठेवलं होतं. म्हणून मला १८३९ चा तह १८९१ च्या गुप्त करारापेक्षा महत्त्वाचा वाटतो, जरी सगळे लिहिणारे १८९१ वर थांबतात.

तैमूर या सगळ्याला कंटाळला होता. त्याला गादी सोडायची होती, सरकार सोडू देत नव्हतं, कारण मुलगा लहान. इतक्या वर्षांत गादीवरून हटवण्याच्या आणि बसवण्याच्या गोष्टी झाल्या. इथं माणसाला जायचं होतं आणि त्याला धरून ठेवलं गेलं. मुलगा सईद अजमेरच्या मेयो कॉलेजात आपल्याकडच्या राजकुमारांबरोबर शिकून तयार झाला. १९३२ च्या फेब्रुवारीत सईद सुलतान झाला आणि तैमूर देशाबाहेर राहिला. १९६५ मध्ये तो मुंबईत वारला.

सईद बिन तैमूरवर लोक कंजूष म्हणून टीका करतात, आणि त्यानं देशात शाळा-दवाखाने फारसे होऊ दिले नाहीत हे खरंच आहे, त्याचं समर्थन करता येत नाही. पण तो गादीवर आला तेव्हा समोर काय होतं ते पाहा. त्यानं पहिली गोष्ट केली ती कर्ज फेडायची. खर्च कापला, आणि जे देणं त्याच्या आजोबांच्या वेळेपासून वाढत आलं होतं ते संपवलं. ग्वादर हे मकरान किनाऱ्यावरचं बंदर तेव्हा मस्कतचंच होतं. १९५८ मध्ये त्यानं ते पाकिस्तानला ३० लाख पौंडांना विकलं. ज्यानं कर्जापायी घराणं वाकताना पाहिलं तो पैसा धरून ठेवणारच. दुर्दैव असं की तो ते कधी सोडू शकला नाही, आणि २३ जुलै १९७० रोजी सलालाच्या राजवाड्यात त्याला हटवून मुलगा काबूस आला, तेव्हाही इंग्रजांची साथ होतीच.

तुम्हाला मुळापासून वाचायचं असेल तर पुढच्या वेळी मुंबईत आलात की एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्य पुराभिलेखागारात जा. ओळखपत्र आणि कोणाचं तरी शिफारसपत्र बरोबर ठेवा. पोलिटिकल डिपार्टमेंटचे १८७३ पूर्वीचे खंड मागा, आणि त्यातही आधी १८५९ ते १८६१ चे. कॅनिंग निवाड्यापेक्षा त्याआधीची पत्रं वाचा, दोन्ही भावांची बाजू त्यांत कळते. अरबी पत्रांची इंग्रजी भाषांतरं बहुधा सोबतच लावलेली असतात, त्यामुळे अरबी येत नसलं तरी अडत नाही. सकाळी लवकर जा, कारण खंड वर यायला वेळ लागतो आणि जेवणाच्या सुट्टीनंतर फारसं हाती लागत नाही.